पडद्यावरची हळद, कागदावरची हळद

श्रोते हो, वाणी माल तोलण्याआधी रिकामा तराजू उचलून पाहतो. पारड्यात पासंग असेल तर पुढची सगळी मापे खोटी. आज मला अशाच एका पासंगाविषयी बोलायचे आहे. पण तो तराजूचा नव्हे, फोटो सुधारण्याच्या संगणकाच्या पडद्याचा.

माझा एक जुना विद्यार्थी जुन्नरकडे फोटो स्टुडिओ चालवतो. ऐन लग्नसराईत रात्री जागून त्याने एक अल्बम तयार केला आणि छपाईला पुण्यास धाडला. अल्बम आला तो काळवंडलेला. हळद मातकट, शालू तपकिरी. मुलीच्या वडिलांनी पैसे अडवले, आणि हा गडी छापणाऱ्याशी भांडायला निघाला. वाटेत माझ्याकडे आला. मी म्हटले, "अरे, आधी तुझा पडदा मोजून तर बघ!"

"सर, पडदा नवा आहे," तो म्हणाला.

नव्या पडद्याचीच तर ही खोड! दुकानात उठून दिसावा म्हणून तो भडक आणि निळसर ठेवलेला असतो. पुष्कळ पडदे पूर्ण उजेडावर ठेवले, तर दर चौरस मीटरला तीनशेच्या आसपास कँडेला प्रकाश देतात. छपाईसाठी फोटो सुधारताना ऐंशी ते एकशेवीस पुरेत. पडदाच भगभगीत असला की गडद फोटोही उजळ भासतो. आपण तो तसाच सोडतो, आणि कागदावर अंधार उतरतो. बरे, डोळ्यांवर विसंबावे, तर डोळा भारी समजूतदार. कंदिलाच्या पिवळ्या उजेडातही पांढरा कागद त्याला पांढराच वाटतो.

हे दुखणे आजचे नाही. 1933 साली प्रभात फिल्म कंपनीने 'सैरंध्री' रंगीत करण्याचे धाडस केले. चित्रण इथले, रंगीत प्रती जर्मनीत काढलेल्या. रंग मनाजोगे उतरले नाहीत. त्याच वर्षी प्रभात पुण्यास आली, आणि तिच्या त्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

तर पडदा मोजायचा कशाने? दोन तऱ्हेची उपकरणे मिळतात. कलरिमीटर म्हणजे मुठीएवढी डबी. ती पडद्यावर टेकवून ठेवायची. संगणक एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवतो, डबी ते गाळण्यांतून मोजते, आणि चुकांची भरपाई करणारी एक फाईल तयार होते. तिला प्रोफाइल म्हणतात. दुसरे उपकरण स्पेक्ट्रोफोटोमीटर. ते प्रकाशाचे तुकडे करून मोजते आणि छापलेला कागदही मोजते. पण किंमत कितीतरी जास्त, आणि पडद्याच्या अगदी काळ्या छटांत ते कच्चे पडते. स्वतःच छपाई करीत नसाल, तर माझ्या मते कलरिमीटरच घ्यावा.

घेताना मात्र एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारा: "माझ्या जातीच्या पडद्यासाठी यात दुरुस्ती आहे का?" साधा एलईडी, रुंद रंगांचा पडदा आणि ओएलईडी यांचा प्रकाश निरनिराळा, जुन्या डबीला नवा पडदा उमगत नाही. जुनी वस्तू स्वस्त मिळते म्हणून हुरळू नका. पूर्वीच्या काही कलरिमीटरांतल्या गाळण्या उष्णतेने आणि दमट हवेने उतरतात. कोकणातल्या मंडळींनी हे विशेष ध्यानात घ्यावे. डबी चांगली असून कंपनीची प्रणाली नव्या संगणकावर चालत नसेल, तर 'आर्गाइल' नावाची विनामूल्य प्रणाली आहे. ती बरीच जुनी उपकरणे ओळखते.

मोजण्यापूर्वी पडदा अर्धा तास चालू ठेवा, खिडकीचे ऊन त्यावर पडू देऊ नका. शुभ्रता 6500 केल्विन, गॅमा 2.2, उजेड शंभरच्या जवळपास. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा.

शिक्षकमित्रांनो, शाळेचे स्मरणपुस्तक तुम्हीच छापायला पाठवता ना? मग जवळच्या स्टुडिओवाल्याकडे ही डबी आहे का, विचारा. एका डबीने अनेक पडदे मोजता येतात. माझ्या विद्यार्थ्याने तेच केले. तालुक्यातल्या चौघांनी वर्गणी काढून एक कलरिमीटर घेतला; तो आळीपाळीने फिरतो. त्या अल्बमची पाने त्याने पदरमोड करून पुन्हा छापून घेतली. मुलीच्या वडिलांनी पैसे दिले, पण निम्मेच. उरलेले पुढच्या मुलीच्या लग्नात देतो म्हणाले.