शिबिरातले ताई-दादा पुढे काय झाले?

मे महिन्याच्या शिबिरात शिट्टी वाजवून पोरांना उठवणारे ताई-दादा पुढे कुठे जातात?

सुरतेच्या पूर्वेला, आता तापी जिल्ह्यात मोडणारं वेडछी गाव घ्या. गांधीजींचे सचिव महादेवभाई यांचे चिरंजीव नारायण देसाई तरुणपणी तिथल्या, कामातून शिक्षण देणाऱ्या नई तालीम शाळेत शिक्षक होते. नंतर त्यांनी गांधीवादी स्वयंसेवकांच्या शांतिसेनेची धुरा वाहिली, तरुण शांतिसेना बांधली. श्रम, गाणी आणि वाद घालायची पूर्ण मुभा, असा तो शिबिरांचा काळ. १९८१ साली त्यांनी वेडछीतच संपूर्ण क्रांती विद्यालय काढलं. आणि २००४पासून, म्हणजे ऐंशीच्या उंबरठ्यावर, गावोगाव गांधीकथा सांगायला निघाले! निवृत्तीचं वय आपण उगाच साठ धरतो. २०१५च्या मार्चमध्ये सुरतेतच त्यांचं निधन झालं.

याच तरुण शांतिसेनेतून आलेले मोहन हिराबाई हिरालाल गडचिरोलीतल्या मेंढा गावाशी जोडले गेले. त्या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आधी अभ्यास, मग एकमताने निर्णय ही मेंढ्याची रीत मला शिबिरातल्या चर्चेचंच मोठं रूप वाटते.

अशीच शिबिरं भरवणाऱ्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानं तर मराठीला निळू फुले आणि राम नगरकर यांच्यासारखे कलावंत दिले.

सुरतेतल्या उधना, लिंबायतमधल्या मराठी घरांतही असे जुने शिबिरप्रमुख असतील. त्यांच्या आठवणी या सुटीत मुलांकडून लिहून घ्या.