तिसऱ्या दिवशी विचारला जाणारा प्रश्न

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते शाळेचे माजी विद्यार्थी असून कोलकाता येथे मज्जाविकारतज्ज्ञ म्हणून कार्यरत आहेत.)



संयोजकांनी ‘मेंदूविषयी काहीतरी बोला’ असे कळवले होते. मेंदू हा विषय एका तासात आटोपणारा नाही, म्हणून मी त्यातला एकच कोपरा निवडला आहे. बंद पडलेले हृदय डॉक्टरांनी पुन्हा सुरू केले, पण माणूस शुद्धीवर आला नाही, तर पुढे काय? अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर बसलेले नातेवाईक पहिला दिवस धावपळीत काढतात, दुसरा आशेवर काढतात आणि तिसऱ्या दिवशी विचारतात, ‘डॉक्टर, हे उठतील का?’ कोलकात्यात हा प्रश्न मला बंगालीत, हिंदीत, भोजपुरीत आणि क्वचित मराठीतही विचारला गेला आहे. भाषा बदलते; विचारणाऱ्याचा चेहरा तोच असतो.

हृदय थांबले की माणूस काही सेकंदांतच बेशुद्ध होतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मेंदूतील विद्युत्‌क्रिया आलेखावर सपाट होते. चार-पाच मिनिटांनंतर पेशींची कायमची हानी सुरू होते. हृदय सुरू झाल्यावर मेंदू लगेच जागा होत नाही. पुरानंतर गावात आधी दिवे येतात, मग नळाला पाणी, मग शाळा भरते, तसा तो टप्प्याटप्प्याने सावरतो. कधी दिवेच येत नाहीत. बाहेरून पाहता दोन्ही रुग्ण सारखेच निश्चल दिसतात. त्यांच्यातला फरक लवकर दाखवू शकेल अशा मोजक्या साधनांपैकी एक म्हणजे ईईजी, मेंदूचा विद्युत्‌ आलेख.

सजीवाची विद्युत्‌ प्रतिक्रिया हा विषय कोलकात्याला परका नाही. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवणाऱ्या जगदीशचंद्र बसूंनी वनस्पतींच्या विद्युत्‌ प्रतिसादाचा अभ्यास केला. विषाने किंवा क्लोरोफॉर्मने तो प्रतिसाद कसा मंदावतो हे त्यांनी दाखवले आणि 1902 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याआधी 1875 मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी प्राण्यांच्या मेंदूतील विद्युत्‌प्रवाह नोंदवले होते. माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये घेतला. पाच वर्षे तो त्यांनी स्वतःजवळच ठेवला आणि 1929 मध्ये प्रसिद्ध केला. घाईने निष्कर्ष जाहीर करण्याच्या आजच्या काळात हा संयम मला फार मोठा वाटतो.

आता आलेखात आम्ही काय पाहतो ते सांगतो. डोक्याच्या त्वचेवर साधारण वीस ठिकाणी चकत्या लावतात आणि त्यांतून आलेला, व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाएवढा संकेत वाढवून पडद्यावर आणतात. हृदय सुरू झाल्यानंतर पहिल्या बारा तासांच्या आसपास अखंड, न तुटणारी लय परत आली, तर ते शुभचिन्ह असते. उलट चोवीस तास उलटूनही आलेख जवळजवळ सपाट राहिला, किंवा मध्येच उसळी, मग शांतता, पुन्हा उसळी, पुन्हा शांतता असा चालला, तर काळजी वाढते. त्या उसळ्या एकमेकींच्या हुबेहूब प्रती असतील, तर लक्षण फारच वाईट. जिवंत मेंदू स्वतःची इतकी तंतोतंत नक्कल करत नाही.

मात्र सपाट आलेख दिसला की मेंदू मेला, असे समजू नका. झोपेची औषधे हाच आलेख काढून दाखवतात. प्रोपोफॉल, मिडाझोलाम ही औषधे शरीरात असतील, रुग्णाचे तापमान उतरवलेले असेल, मूत्रपिंडे थकलेली असतील, तर औषध दीर्घकाळ रेंगाळते आणि निरोगी मेंदूही खचलेला भासतो. म्हणूनच युरोपातील तज्ज्ञांच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना एका पुराव्यावर निकाल देत नाहीत. किमान बहात्तर तास थांबा, औषधांचा अंमल उतरू द्या, आणि तरीही रुग्ण बेशुद्ध असेल तर प्रतिकूल लक्षणांपैकी निदान दोन आढळतात का ते पाहा, असे त्या सांगतात. डोळ्यांच्या बाहुल्या व बुबुळ यांची प्रतिक्षिप्त क्रिया नसणे, मनगटाच्या मज्जातंतूला दिलेला विद्युत्‌ स्पर्श मेंदूच्या दोन्ही बाजूंना न पोहोचणे, अतिप्रतिकूल ईईजी, रक्तातील एका विशिष्ट प्रथिनाची वाढ, स्कॅनमधील व्यापक इजा, पहिल्या तीन दिवसांतले सततचे झटके ही ती लक्षणे. दोन नसतील तर काय? ‘पाहत राहा, पुन्हा तपासा.’ कित्येक रुग्ण याच करड्या पट्ट्यात असतात. नातेवाइकांना ‘अजून सांगता येत नाही’ हे उत्तर म्हणजे डॉक्टरची टाळाटाळ वाटते. पुष्कळदा तेच सर्वांत प्रामाणिक उत्तर असते.

येथे एक तर्काचा पेच आहे, आणि मला तो यंत्रापेक्षा महत्त्वाचा वाटतो. पाश्चात्त्य देशांत वाईट भाकीत झाले की बहुधा उपचार थांबवले जातात आणि रुग्ण दगावतो. मग नोंदीत लिहिले जाते की भाकीत खरे ठरले. पण उपचार चालू ठेवले असते तर? ते कुणालाच कळत नाही. भाकितानेच स्वतःला खरे करून घेतलेले असते. म्हणून दक्षिण कोरियासारख्या, जेथे उपचार काढून घेण्याची प्रथा कमी आहे, त्या देशांतील निरीक्षणे मोलाची मानली जातात.

आपल्याकडे पेच निराळा आहे. येथे उपचार आलेख पाहून क्वचितच थांबतात. ते बहुधा पैसे संपल्यावर थांबतात. बंगालमध्ये त्यासाठी एक शब्दच रूढ आहे: रिस्क बाँड. नातेवाईक सही करतात आणि रुग्णाला घरी नेतात. चौथ्या दिवशी ज्याचा आलेख सुधारू लागला होता, असा रुग्णही मी अशा सहीनिशी जाताना पाहिला आहे. त्या घराने तोवर दागिने विकले होते. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. पण त्या सहीला ‘निसर्गाचा निर्णय’ म्हणणेही मला पटत नाही.

दुसरे टोक आपल्या महाराष्ट्राने पाहिले. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला, गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या अंथरुणावरच होत्या. डोळे उघडत, आवाज काढत; जाणीव किती, हा वाद राहिला. इतकी वर्षे सहकारी परिचारिकांनी त्यांची जी सेवा केली, तिला तोड नाही. 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यापुरती विनंती नाकारली, पण कृत्रिम आधार काढून घेण्याची वाट कायद्यात उघडली. 2018 मध्ये घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जानेवारी 2023 मध्ये प्रक्रिया सुटसुटीत केली. आता तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे मत देतात आणि शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत निर्णय होतो. हे पालकांना माहीत असावे, कारण प्रसंग आल्यावर वाचायला कुणाला उसंत नसते.

आणखी एक गल्लत दूर करतो. कोमा आणि मेंदूमृत्यू या भिन्न गोष्टी आहेत. आपल्या 1994 च्या कायद्यानुसार मेंदूमृत्यू ठरवताना मस्तिष्कस्तंभाच्या प्रतिक्षिप्त क्रिया आणि स्वतः श्वास घेण्याची क्षमता दोनदा, किमान सहा तासांच्या अंतराने, तपासतात. त्यासाठी ईईजी सक्तीचा नाही. कोमातील माणूस कायद्याने आणि वैद्यकानेही जिवंतच असतो.

एवढेच नव्हे, तो ऐकतही असू शकेल. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी मेंदूला ताजी इजा झालेल्या, सूचनेला कोणताच प्रतिसाद न देणाऱ्या 104 रुग्णांना ‘हात उघडा, मिटा’ अशा सूचना ऐकवून ईईजी घेतला. 16 जणांचे हात हलले नाहीत, पण मेंदूने आज्ञा ओळखल्याच्या खुणा आलेखात सापडल्या. तेव्हापासून माझ्या विभागात रुग्णाच्या उशाशी हिशेबाची बोलणी करू देत नाही. भेटीच्या वेळेत मुलांना त्यांच्या भाषेत, नेहमीच्या आवाजात बोलायला सांगतो.

शेवटी तरुण माजी विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः संगणकाकडे वळलेल्यांसाठी. 2023 मध्ये हृदय बंद पडून कोमात गेलेल्यांचे भवितव्य ईईजीवरून संगणकाने वर्तवावे, अशी एक जागतिक स्पर्धा झाली. तिच्यासाठी 1,020 रुग्णांचे आलेख गोळा करण्यात आले. ते सात रुग्णालयांतून, अमेरिका आणि युरोपमधून आले होते. भारतातील एकही नाही. आमच्याकडे रुग्ण उशिरा पोहोचतो, वाटेत छातीवर दाब देणारा क्वचितच भेटतो, आणि पुष्कळ ठिकाणी आलेख तीन दिवस अखंड न चालता एकदाच अर्ध्या तासापुरता घेतला जातो. परक्या आलेखांवर शिकलेले यंत्र हावड्याच्या किंवा सोलापूरच्या रुग्णाविषयी आत्मविश्वासाने आकडा सांगेल, आणि तो आकडा ऐकणारे कुटुंब बाहेरच्या बाकावर हातात बिल घेऊन बसलेले असेल. हे आलेख येथे जमवायला हवेत, रिस्क बाँडवर घरी गेलेल्यांचे पुढे काय झाले त्याच्या नोंदीसह. त्यासाठी डॉक्टरांइतकीच गणित जाणणाऱ्यांची गरज आहे. ज्यांना रस असेल त्यांनी चहाच्या वेळी मला जरूर गाठावे.