चुना, सुर्खी आणि काशीचे वाडे



काशीला गेलेला मराठी माणूस घाटांवर आपली नावं शोधतो, आणि ती सापडतातही. नागपूरकरांचा भोसले घाट, बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास बांधलेला शिंदे घाट, अहिल्याबाईंचा घाट. त्या घाटांमागच्या गल्ल्यांतल्या जुन्या घरांबद्दल आज बोलायचं आहे.

घरामुळे हवेत कार्बन जातो म्हटलं की आपल्याला विजेचं बिल आठवतं. पण गृहप्रवेशाआधीच मोठा वाटा जाऊन चुकलेला असतो. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे 1450 अंशांवर भाजतात. कोळशाचा धूर होतोच, शिवाय निम्म्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड खुद्द त्या दगडातून सुटतो. भट्टीचं इंधन बदललं तरी तो सुटणारच. जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे.

आता ब्रह्माघाटाकडचा एखादा वाडा पाहा. गिलावा निखळलाय तिथे चुना-सुर्खीत बसवलेल्या पातळ लाखौरी विटा दिसतात. चुनाही भट्टीतलाच, पण भिंतीत घट्ट होताना तो हवेतला कार्बन डायऑक्साइड बराचसा परत घेतो. घाटाचा दगड चुनारचा, म्हणजे गंगेच्या वरच्या अंगाचा. तो नावांतून प्रवाहाबरोबर खाली आला. जाड भिंती आणि मधला चौक यांमुळे उन्हाळाही सुसह्य होतो. पाडायची वेळ आलीच, तर चुन्यातली वीट सुटते, सिमेंटातली फुटते.

मन तुटतं ते दुरुस्ती पाहून. ओल आली की अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. ओल आत कोंडते, क्षार विटा खातात, आणि धडधाकट वाडा धोकादायक ठरतो. मग तो पाडून स्लॅबचं घर उभं राहतं, पुन्हा तेवढाच धूर होतो.

पाया खचलाय तिथे नवं बांधावंच लागेल. त्यासाठी भाजलेली चिकणमाती आणि कच्ची चुनखडी मिसळलेलं सिमेंट आता आहे. आयआयटी दिल्ली आणि मद्रासमध्ये त्यावर काम झालं, 2023 मध्ये भारतीय मानकही आलं. त्याने उत्सर्जन 30 ते 40 टक्क्यांनी घटतं. सुर्खी म्हणजे तरी काय, भाजलेल्या मातीचीच पूड. काशीच्या गवंड्यांना तिचा गुण ठाऊक होता.

तेव्हा पाडकामाचा ठेका देण्याआधी, चुन्याचं काम जाणणाऱ्या अभियंत्याला एकदा भिंत दाखवा. गिलावा करायचा तर चुन्याचाच करा.