जन्मनोंद नसलेला पूर्वज



घराण्यांच्या इतिहासाचे काम करणाऱ्यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद मला दिलेत, त्याबद्दल आभार. ते थोडक्यात उरकतो, कारण तक्रार मोठी आहे.

आपल्याकडे नव्याने येणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो पणजोबांच्या जन्मदाखल्याचा. बहुतेकांना तो मिळणार नाही. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा 1886 मध्ये झाला, पण त्याने सर्वांवर सक्ती केली नाही. देशभराचा सक्तीचा कायदा यायला 1969 उजाडले. मधल्या काळात गाव नमुना 14, म्हणजे आपले कोतवाल बुक. ते सापडले तरी पुष्कळदा त्यात बाळाचे नाव नसते. अमक्याला मुलगा झाला, जात अमुक, एवढ्यावर काम भागले. जनगणनेची आशा धरावी, तर 1872 पासून माणसे मोजली गेली, पण घरोघरची नावे असलेले कागद जपले गेले नाहीत. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख असते खरी, पण अर्धा महाराष्ट्र 1 जूनला जन्मला यावर कोणाचा विश्वास बसतो? त्या तारखेचे जनक हेडमास्तर. तिथून गाव घ्या, पालकाचे नाव घ्या, तारीख त्यांची त्यांना परत करा.

माझे म्हणणे असे की जन्माचा नाद सोडावा आणि पूर्वजाला व्यवहारात गाठावे. तो जन्मला याची दखल सरकारने घेतली नसेल, पण त्याने सारा भरला, कर्ज काढले, भावाशी भांडला, त्र्यंबकेश्वरी किंवा काशीला जाऊन तीर्थोपाध्यायाच्या वहीत सही केली. हे सगळे कुठे ना कुठे लिहिलेले आहे. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्यानंतर हक्कनोंदी सुरू झाल्या, तेव्हाचे फेरफार पाहा. वारसाच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे असतात : अज्ञान पालनकर्ता. समजा, 1930 च्या फेरफारात आजोबा अज्ञान म्हणून लागले आहेत. म्हणजे तेव्हा ते अठराच्या आत होते, म्हणजे त्यांचा जन्म 1912 च्या आधीचा नाही. ‘मानमोडीत बाप गेला’ असे घरात कोणी सांगत असेल, तर ती 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. मग जन्म फार तर 1919 पर्यंतचा. तारीख मिळाली नाही, पण माणूस सात-आठ वर्षांच्या चौकटीत बसला. आणि पालनकर्ती म्हणून तिथे आईचे नाव असते. आपल्या पणज्यांची नावे कागदावर येतात ती बहुधा अशी, कुंकू पुसल्यानंतर. ज्या कुलवृत्तांतात सात पिढ्यांचे पुरुष आहेत आणि स्त्रिया नुसत्या ‘अमक्यांची कन्या’ आहेत, त्याच्या संपादकांनी फेरफार उघडलेच नाहीत असे मी समजतो.

अठराव्या शतकात शिरलात की मोडी आली आणि कालगणनेचा गुंता आला. शकात 78 मिळवायचे, फसलीत 590 किंवा 591, सुहूर सनात 599 किंवा 600. इथपर्यंत सरावाने जमते. खरा घात करते ते संवत्सर. जुन्या टिपणात नुसते ‘विलंबी’ असेल, तर ते साठ वर्षांनी परत येते. त्यात आपली आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत. विठोजी बिन रामजी, त्याचा मुलगा रामजी बिन विठोजी, आणि त्याचा मुलगा पुन्हा विठोजी बिन रामजी! आजा आणि नातू बापाच्या नावासकट एकच. साठ वर्षांची चूक झाली की दोन पिढ्या एकात मिसळतात, आणि त्या छापून आल्या की पुढचे सगळे त्याच उतरवून घेतात. इथे आडनावाचा फारसा आधार नाही. एकाच घरातला एक भाऊ कुलकर्णी राहतो, दुसरा गावाच्या नावाने ओळखला जातो. आधार घ्यायचा तो शेताचा, वतनाचा, शेजाऱ्यांच्या नावांचा. ज्याच्या जमिनीची चतु:सीमा जुळते तो आपला.

वतनाच्या तंट्यांतले करीने आणि महजर वाचताना मला मौज वाटते. त्यांत वंशावळ ऐटीत दिलेली असते, पण ती देणाऱ्याला पाटीलकी हवी असते. प्रतिपक्षाची वंशावळ शोधून शेजारी ठेवल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. कुलदैवताची साक्ष त्या मानाने निर्मळ, कारण तिच्यावर सहसा कोणी दावा लावत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात देवळांवर संक्रांत आली तेव्हा मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. ज्या घराचा कुळाचार कवळ्याला आहे त्याने कवळ्यावर थांबू नये, केळोशीपर्यंत जावे.

आता वादाचे बोलतो. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी तहसील, शाळा, तुरुंग, सगळीकडची दप्तरे उघडली. मोडी वाचणाऱ्याला इतका मान माझ्या हयातीत पहिल्यांदाच मिळाला. आरक्षणाच्या राजकारणाबद्दल इथे बोलत नाही. पण जातीच्या दाखल्याला इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा आणि भटक्या-विमुक्तांसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा रहिवास विचारला जातो, तेव्हा दुसऱ्या गटातल्या माणसाने काय दाखवायचे? त्याला ना शेत, ना वतन, ना एक गाव. त्याच्या आजोबांचे नाव लिहिणारे खाते होते ते पोलिसांचे. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा 1952 पर्यंत टिकला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये या जमातींची हजेरी होत असे. ज्या कागदाने आजोबाला जन्मत: गुन्हेगार ठरवले, तोच आज नातवाने पुरावा म्हणून शोधायचा!

मॉरिशसच्या मराठी माणसांचेही असेच उलटे आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मजूर म्हणून नेलेल्यांचे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव हे सगळे लिहून घेतले गेले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते दप्तर आहे. गावाचे स्पेलिंग गोऱ्या कारकुनाच्या कानाने लिहिलेले, म्हणून रत्नागिरीचा नकाशा समोर ठेवून ते मोठ्याने वाचावे लागते. त्यांच्यामागे कोकणात राहिलेल्या भूमिहीन भावांची मात्र एवढीही नोंद आढळत नाही.

कोल्हापूर-बेळगाव भागातले हेळवी अजून गावोगाव जाऊन वंशावळी सांगतात. त्यांच्या वह्यांची छायाचित्रे घ्यायची असतील, तर आधी त्यांची परवानगी घ्या आणि योग्य मोबदला द्या. तो त्यांचा पोटाचा धंदा आहे.

वंशवृक्षात जागा रिकामी राहिली तर राहू द्या. तिथे ‘पुरावा नाही’ असे छापा आणि काय काय पाहिले ते खाली लिहा, म्हणजे पुढच्याचे हेलपाटे वाचतील. उद्या सकाळच्या सत्रात मोडी वाचनाला बसणार आहोत. घरच्या कागदांच्या छायाप्रती आणा. मूळ कागद आणू नका, आणि फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी तर मुळीच लावू नका.