केस पिकले तरी स्तुती : स्तोत्र ७१ वर थोडंसं

 

मागच्या महिन्यात मी गावी गेलो होतो. आजीला आता वाचायला दिसत नाही. संध्याकाळी ती म्हणाली, "एकाहत्तरावं स्तोत्र काढ रे." मी मोबाईलवर काढून वाचायला लागलो. तीन वचनं झाली आणि तिनं थांबवलं. "हे एकतिसाव्यात पण आहे बघ."

मी तपासलं. खरंच! दोन्ही स्तोत्रांची सुरुवात जवळजवळ सारखीच आहे.

पुढं नववं वचन आलं. म्हातारपणी, शक्ती संपल्यावर मला टाकू नकोस, अशी तिथं विनवणी आहे. आजी गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "मी रोज हेच मागते. आता माझ्या हातून काहीच होत नाही ना."

मित्रांनो, आमच्या घरात तिला कुणी टाकलेलं नाही. पण ही भीती तिच्या मनात होती, आणि आम्हांला कुणालाच पत्ता नव्हता.

म्हणून आज हे स्तोत्र. इब्री बायबलमध्ये याच्यावर कुणाचं नाव नाही. लिहिणारा वयस्कर आहे, एवढं मात्र कळतं. त्याच्या मागं लोक लागलेत. देवानं याला सोडलंय, आता याला धरा, असं ते म्हणतात. आणि हा माणूस काय करतो? आधी देवाला लवकर ये म्हणून हाक मारतो, आणि लगेच चौदाव्या वचनात म्हणतो की मी आशा सोडणार नाही, तुझी स्तुती आणखी वाढवीन.

इथं नीट बघा. संकट गेलेलं नाही. उत्तर आलेलं नाही. तरी स्तुती आहे. आपल्याला वाटतं, आधी प्रॉब्लेम सुटेल, मग साक्ष देऊ, मग गाऊ. याच्या प्रार्थनेत रडणं आणि गाणं शेजारी शेजारी बसलंय.

हे त्याला कसं जमलं? आईच्या उदरापासून तू मला सांभाळलंस, हे तो आठवतो. आणि आधीच्या प्रार्थनेचे शब्द त्याच्या तोंडात तयार आहेत. अडचणीत नवीन शब्द सुचत नाहीत हो! तेव्हा आत जे साठवलेलं असतं, तेच बाहेर येतं. आजीचंही तेच झालं. डोळे गेले, पण वचन राहिलं.

आता कुणी म्हणेल, "दादा, मी लहानपणापासून विश्वासात नाही. माझं काय?"

त्यांच्यासाठी पंडिता रमाबाई. जन्म १८५८ चा. दुष्काळात आईवडील गेले, पुढं भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांतच नवरा गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा त्या पंचविशीत होत्या. पुढं केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळात सापडलेल्या कितीतरी मुलींना तिथं आसरा मिळाला. उतारवयात त्यांना ऐकू कमी यायचं. तरी त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचं भाषांतर केलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या.

त्यांचं दुःख कमी झालं म्हणून विश्वास टिकला, असं नाही. दुःख एकामागून एक येत राहिलं, आणि त्या ज्याच्यावर विसंबल्या होत्या त्याला त्यांनी सोडलं नाही. उशिरा सुरुवात झाली म्हणून काही बिघडत नाही.

शेवटची गोष्ट. अठराव्या वचनात हा म्हातारा आणखी आयुष्य कशासाठी मागतो? पुढच्या पिढीला देवाचं सामर्थ्य सांगता यावं म्हणून. म्हणजे आजी "माझ्या हातून काही होत नाही" म्हणते, तेव्हा तिचं एक मोठं काम अजून बाकी आहे. फक्त ऐकायला कुणी बसत नाही! सांगणारे आहेत, पण आपण मोबाईलमध्ये आहोत. मीसुद्धा.

म्हणून या आठवड्यात एवढंच करा. घरातल्या किंवा मंडळीतल्या एका वयस्कर माणसाजवळ बसा आणि विचारा, "देवानं तुम्हांला कुठं कुठं सांभाळलं?" मध्ये बोलू नका. त्यांची परवानगी असेल तर रेकॉर्ड करून ठेवा. आणि स्तोत्र ७१ मधलं एक वचन पाठ करा. ते कधी लागेल, सांगता येत नाही.

चला, प्रार्थना करू या. हे प्रभू, आमच्या तरुणपणी आम्हांला तुझी सवय लाव. ज्यांची शक्ती सरली आहे, त्यांना तू सोडलेलं नाहीस हे आमच्या वागण्यातून त्यांना कळू दे. उत्तर यायच्या आधी गायला आम्हांला शिकव. येशूच्या नावात मागतो, आमेन.

पुढच्या भागात भेटू. सलाम!