जळत्या घरावर पाणी

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, 'साथीच्या काळात सामान्य माणूस आणि उद्योग'. कोविड आपण सर्वांनी सोसला. त्याबद्दल बोलायला उभा राहिलो, तर तुम्हीच मला चार गोष्टी जास्त सांगाल. म्हणून मी जरा मागे जातो. तुमच्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांनी आपल्या दंडावर हात ठेवून पाहावे. तिथे रुपयाएवढा एक व्रण सापडेल. लहानपणी देवी काढल्याची ती खूण आहे. त्यानंतर जन्मलेल्यांच्या दंडावर ती नाही, कारण तो आजारच जगातून गेला. आणखी वयस्क मंडळींना गावच्या भिंतीवर रंगवलेली जाहिरातही आठवत असेल. देवीचा रोगी कळवणाऱ्याला एक हजार रुपये बक्षीस! १९७५ साली हजार रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हती.

हा आजार जाण्यापूर्वीचे एक वर्ष मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे. ते वर्ष १९७४. त्या एका वर्षात भारतात देवीचे सुमारे १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले आणि ३१ हजारांहून अधिक माणसे दगावली. सर्वांत वाईट अवस्था बिहारची होती. तेव्हा झारखंड वेगळे झालेले नव्हते, त्यामुळे छोटा नागपूरचा सगळा आदिवासी मुलूखही बिहारातच मोडत असे. त्यातच मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला. तेलाचे भाव आदल्याच वर्षी भडकले होते. राज्यात आंदोलने पेटली होती. अशा वेळी साथ आवरायची होती.

तेव्हाच्या सिंहभूम जिल्ह्यात जमशेदपूर हे पोलादाचे शहर होते. त्याचे रेल्वे स्टेशन म्हणजे टाटानगर. कामाच्या शोधात चारी बाजूंनी माणसे तिथे येत. आजारी पडले की माणूस काय करतो? आपल्या माणसांत जायला निघतो. अंगावर फोड उठलेली माणसे गाडीत बसून गावी जात होती आणि आजार त्यांच्याबरोबर जात होता. दूरच्या राज्यांत एखाद्या गावात देवी निघाली आणि तपास केला, की धागा टाटानगरला येऊन पोहोचे. जागतिक आरोग्य संघटनेतर्फे काम करणारे तरुण अमेरिकन डॉक्टर लॅरी ब्रिलियंट हाच धागा धरून जमशेदपूरला आले.

त्यांच्या हाती काय होते? लस होती. ती सोव्हिएत रशियाकडून भेट म्हणून आलेली होती आणि आपल्या देशातही, बेळगावसारख्या ठिकाणच्या लस संस्थांत, तयार होत होती. दोन टोकांची एक साधी सुई होती. ती लसीत बुडवायची आणि दंडावर पंधरा वेळा टोचायची. गावातल्या शिकलेल्या पोरालाही थोड्या वेळात ते जमे. ही सुई शोधणाऱ्या वायेथ या अमेरिकन औषध कंपनीने तिच्यावरचा मोबदला सोडून दिला होता. उद्योगांनी काय करावे, याचे हे एक उदाहरण.

लस आणि सुई होती, तशी एक युक्तीही होती. देवीचा रोगी आजार पसरवतो तो अंगावर दिसू लागल्यावर. म्हणजे रोगी ओळखता येतो. मग सगळ्या देशाला टोचत बसण्याऐवजी रोगी शोधायचा, त्याला घरातच ठेवायचे आणि त्याच्या घरच्यांना, शेजाऱ्यांना, पाव्हण्यारावळ्यांना तातडीने टोचायचे. आजाराला पुढे जायला माणूसच मिळाला नाही की तो तिथेच विझतो.

ही युक्ती पुढे आली कशी, हे आपल्यासारख्या मंडळींनी ऐकण्याजोगे आहे. विल्यम फेगी नावाचे एक मिशनरी डॉक्टर पूर्व नायजेरियात होते. १९६६ च्या डिसेंबरात तिथे देवी निघाली आणि सगळ्यांना पुरेल इतकी लस जवळ नव्हती. त्या भागातले मिशनरी रोज संध्याकाळी रेडिओवरून एकमेकांची खुशाली घेत. फेगींनी त्याच रेडिओवरून प्रत्येकाला आपापल्या भागातल्या गावांत माणूस पाठवून रोगी आहेत का, हे पाहायला सांगितले. साथ कुठे आहे हे लवकरच नकाशावर दिसू लागले आणि होती तेवढी लस तिथेच वापरून ती थांबवली गेली. पुढे हेच फेगी भारतात आले.

बिहारात मात्र १९७४ च्या मे महिन्यात रोग्यांचा आकडा पाहून सरकारचा धीर सुटत चालला. आरोग्यमंत्री म्हणाले, हे शोधणे पुरे, पूर्वीसारखे सगळ्यांनाच टोचू या. फेगींनी लिहून ठेवले आहे, की त्या सभेत एक तरुण भारतीय डॉक्टर उभा राहिला. त्याचे म्हणणे एवढेच होते, की आमच्या गावात एका घराला आग लागली तर सगळे त्याच घरावर पाणी ओततात. सगळ्या गावाच्या छपरांवर थोडे थोडे पाणी कुणी शिंपडत नाही. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. त्या डॉक्टरांचे नाव इतिहासाने ठेवले नाही.

आता टाटानगरकडे परत येऊ. आग कुठे आहे हे समजले, पण पाणी तिथवर न्यायचे कसे? सरकारी गाड्या अपुऱ्या, पेट्रोल महाग, माणसे थोडी. डॉ. ब्रिलियंट टाटांच्या पोलाद कंपनीचे प्रमुख रुसी मोदी यांच्याकडे गेले आणि त्यांनी वस्तुस्थिती सांगितली, की तुमच्या शहरातून आजार देशभर जातो आहे. कंपनीने हात झटकले नाहीत. डॉक्टर दिले, जीपगाड्या दिल्या, पैसा दिला. आणि एक गोष्ट अशी दिली, जी आपण मागायला विसरतो, ती म्हणजे व्यवस्थापक. रोज ठरलेल्या वेळी माल कुठे पोहोचला, कुणाची पाळी चुकली, काय कमी पडले, हे पाहण्याची ज्यांना सवय होती, अशी माणसे कारखान्यातून सोडून गावोगावच्या शोधमोहिमेवर लावली. सिंहभूम आणि आसपासच्या मुलखात कंपनी, सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना एकाच कामाला लागल्या. कंपनीचा यात स्वार्थ नव्हता असे मी म्हणणार नाही. कामगार आजारी पडले तर भट्टी कोण चालवणार? पण स्वतःचे भले शेजाऱ्याच्या भल्यात आहे हे ज्याला वेळेवर उमगते, त्याच्याबरोबर काम करता येते.

जीप मात्र गावच्या वेशीपर्यंतच जाते. पुढे पायी जाणारा माणूस लागतो. शोध घेणारे घरोघर गेले. त्यांच्याजवळ देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले एक कार्ड असे. ते शाळेत मुलांना दाखवायचे, बाजाराच्या दिवशी बायामाणसांना दाखवायचे आणि विचारायचे, असा कुणी पाहिला का? मुले खरे सांगत. रोगी सापडला की त्याच्या दारावर पहारा बसे, दिवसाचा आणि रात्रीचा. पहारेकरी बहुधा गावातलेच असत आणि त्यांना रोजी मिळे. घरातल्यांना बाहेर पडावे लागू नये म्हणून धान्य पुरवले जाई. हे धान्य फार महत्त्वाचे. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला 'घरात बस' म्हणणे सोपे आहे. त्याची चूल पेटती ठेवली तरच तो बसू शकतो.

बंधू-भगिनींनो, यश मिळाले. पण एका रात्रीचा प्रसंग सांगितल्याशिवाय मी पुढे गेलो, तर ते प्रामाणिक होणार नाही. डॉ. ब्रिलियंट आणि त्यांच्या पत्नी गिरिजा यांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. दक्षिण बिहारातील हो जमातीच्या एका पुढाऱ्याने लस घ्यायला नकार दिला होता. मोहिमेची माणसे पोलीस घेऊन मध्यरात्री त्याच्या घराचे दार फोडून आत शिरली. त्याला जमिनीवर दाबून धरले आणि टोचले. त्याच्या बायकोला धरले. तिने एका डॉक्टरच्या हाताला कडाडून चावा घेतला. घरातल्या सगळ्यांना एकेक करून टोचण्यात आले. मग अंगणात सगळे गप्प उभे राहिले. तो माणूस आपल्या परसात गेला, वेलीवर एकच काकडी पिकली होती ती तोडली आणि ज्या डॉक्टरला आपली बायको चावली होती त्याच्या हातात दिली. त्याच्या बोलण्याचा सारांश असा होता: कुणाला आजार द्यावा हे देवाच्या हाती आहे, म्हणून तुम्हाला अडवणे हे माझे कर्तव्य होते. टोचणे हे तुमचे कर्तव्य, असे तुम्ही म्हणता. दोघांनी आपापले केले. आता तुम्ही माझ्या घरी आलेले पाहुणे आहात.

त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. पण आपण श्रद्धावान माणसे आहोत. आपल्या श्रद्धेसाठी कुणी मोठ्या ताकदीपुढे उभा राहिला, तर आपण त्याला अडाणी म्हणतो का? लस योग्यच होती, माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही. त्या घरात देवी शिरली असती तर मुले गेली असती. तरीही फोडलेले दार हे फोडलेलेच दार राहते. त्या काळात असे प्रकार आणखीही घडले, हे पुढे इतिहासकारांनी नोंदवले आहे. देवी गेली, पण साथी संपल्या नाहीत. पुढची लस घेऊन जाणाऱ्याला त्याच दारात उभे राहावे लागते. दार आतून उघडेल की नाही, हे मागच्या वेळी आपण कसे वागलो यावर ठरते.

१९७५ च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा देवीचा रोगी आसामातील करीमगंज इथे सापडला. बांगलादेशातून आलेली ती एक निराधार स्त्री होती आणि स्टेशनच्या फलाटावर राहत होती. १९७७ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले आणि १९८० साली सारे जग. टाटानगरला काय किंवा करीमगंजला काय, आजार सापडला तो घर सोडून निघालेल्या गरीब माणसाजवळ.

हे आजही बदललेले नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा कामाच्या ठिकाणाहून पायी गावाकडे निघालेले लोंढे आपण पाहिले. २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन संपत आला, तेव्हा विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातला ऑक्सिजन टँकरमध्ये भरून रेल्वेने नागपूरला आणि नाशिकला आणावा लागला. म्हणजे पुन्हा पोलादाचा कारखाना आणि पुन्हा रेल्वे! उद्योगाकडे साधने असतात, हे दोन्ही वेळा दिसले. पण आपल्या पालघर, नंदुरबारच्या पाड्यावर कोण खोकतो आहे हे कारखान्याला कळत नाही. ते शेजारणीला कळते.

म्हणून आपल्या कामापुरत्या तीन गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट, दिवाळीनंतर वीटभट्टीवर, ऊसतोडीला, बांधकामावर जाणाऱ्या कुटुंबांची यादी पाड्यावरच ठेवावी. कोण कुठे गेले आणि कुणाच्या मालकाकडे, हे गावातल्याच एखाद्या ताईने वहीत लिहावे. साथ आली तर ती वही औषधाइतकीच उपयोगी पडेल.

दुसरी गोष्ट, आपल्यापैकी कितीतरी जण कारखान्यांत, कंपन्यांत, बँकांत कामाला आहेत. देणगीचा धनादेश मिळवून द्या, तो हवाच आहे. पण त्याबरोबर गाडी मागा आणि कामाची घडी बसवणारा एक माणूस दोन महिन्यांसाठी मागा. आजारी मजुराला मजुरीसकट रजा द्यावी असा आग्रह धरा. आजार लपवून कामावर येणारा मजूर मालकालाही परवडत नाही, हे मालकाला नीट पटवून सांगता येते.

तिसरी गोष्ट, गावात जाताना गावचाच माणूस पुढे असू द्या. त्याच्या भाषेत बोला. नाही म्हणणाऱ्याच्या अंगणात बसून त्याचे म्हणणे ऐका आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. साथीत वेळ थोडा असतो हे मला ठाऊक आहे. म्हणूनच हे जाणेयेणे साथ येण्याआधी सुरू असले पाहिजे. ओळखीच्या माणसाला साथीत फार वेळ लागत नाही.

बिहारातल्या त्या सभेत उभ्या राहिलेल्या डॉक्टरने जळत्या घराचा जो दाखला दिला, त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आग लागली की शेजारी बादली घेऊन धावतात. बादल्या कारखाना देईल, टँकर सरकार देईल. धावणारे शेजारी मात्र आधीपासून शेजारी असावे लागतात. ते होण्याचे काम आपले आहे, आणि ते करायला साथीची वाट पाहायची गरज नाही.