जुन्या पाटीची पारख

जुन्या वस्तूंच्या बाजारात एखादे दिवशी एक लोखंडी पाटी दृष्टीस पडते. पांढऱ्या जमिनीवर लाल त्रिकोण आणि खाली 'बास' हे नाव. "शंभर वर्षांची आहे, साहेब," दुकानदार सांगतो. विश्वास ठेवावा काय?

इंग्लंडमधील बर्टन गावी विल्यम बासने १७७७ साली बिअरचा कारखाना काढला. तेथील बिअर एकोणिसाव्या शतकात जहाजांनी हिंदुस्थानातही येत असे. १ जानेवारी १८७६ रोजी हा लाल त्रिकोण ब्रिटनमधील पहिले व्यापारचिन्ह म्हणून नोंदला गेला. माने या फ्रेंच चित्रकाराने १८८२ साली पुऱ्या केलेल्या मद्यगृहाच्या चित्रातील बाटल्यांवरही तो दिसतो. नवखा माणूस फसतो तो येथेच. चिन्हाचे वय हे पाटीचे वय नव्हे. तो त्रिकोण आजही वापरात आहे.

तेव्हा वय पाटीलाच विचारावे. इनॅमलच्या पाटीवर काचेची पूड सुमारे ८०० अंश उष्णतेत पत्र्यावर वितळवीत आणि एकेक रंग निराळा भाजीत. म्हणून रंगाच्या कडेवर नख फिरविले की बारीकशी पायरी लागते. छापील नकलेवर ते सरळ घसरते. मात्र नकलाही इनॅमलच्या करता येतात. अशा वेळी स्क्रूची भोके पाहावी. स्क्रू आवळताना तेथील काच तडकते, पाणी शिरते आणि गंज तेथून पसरतो. मुद्दाम चढविलेला गंज बहुधा सर्वत्र सारखाच असतो.

मोल ठरते ते स्थिती, दुर्मिळता आणि पाटी कोठून आली याची खात्री यांवर. दुकानदाराने मागितलेली किंमत प्रमाण मानू नये. तशाच पाट्या लिलावात प्रत्यक्ष कितीला गेल्या ते पाहावे. नामांकित कारखान्याच्या पाटीपेक्षा बंद पडलेल्या एखाद्या लहान कारखान्याची पाटी अधिक मोलाची ठरू शकते. कधी कधी त्या कारखान्याची तेवढीच एक खूण मागे उरलेली असते.

अशी पहिली पाटी मी घरी आणली, तेव्हा चिंच लावून ती घासली, भोकांभोवतीचा गंज काढला आणि वर रंगाचा हात दिला. पाटी झळकू लागली. पुढे एका जाणत्या स्नेह्याने ती उलटसुलट करून पाहिली. ती खरी की खोटी, हे त्यांना सांगता येईना. साक्षीदाराचे तोंड मीच बंद केले होते.